हिरवं बटण

४ जानेवारी

गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत बरीच पानं कोरी राहिली. रद्दीत घालणं जिवावर आलं, म्हणून वही उलटी करून मागच्या बाजूने लिहायला घेतलं. पुढून खर्च, मागून मन.

निमित्तही घडलं. आज सूनबाईने घरभर पांढऱ्या डब्या चिकटवल्या. साबणाच्या वडीएवढी एकेक. स्वयंपाकघरात, जिन्यात, माझ्या खोलीत, न्हाणीघरातसुद्धा. देवाच्या कोनाड्यात लावायला निघाली तेव्हा मात्र मी तिचा हात धरला.

"देवावर कसली गं पाळत?"

"पाळत नाही हो आई. यात कॅमेरा नाही, कान नाहीत. या नुसत्या लहरी सोडतात. माणूस हललं की लहरी हलतात. तळ्यात कुणी उतरलं तर काठावर उभं राहून कळतं ना, तसं. घरात एकटं म्हातारं माणूस पडलं, तर डब्यांना कळेल आणि त्या आम्हाला कळवतील."

"म्हणजे म्हातारं माणूस मी."

"तुम्ही आमच्या चाचणीतलं एक घर," असं म्हणून ती हसली. डबी मात्र कोनाड्याऐवजी दारावर लावली.

तिचा विषयच हा, बिनतारी जाळ्यांचा. वस्तू एकमेकींशी बोलतात म्हणे. आमचे चिरंजीव पाळीवरून येतात, जेवतात, झोपतात. तेव्हा घरात निदान डब्या तरी बोलू देत.

विद्यापीठात ती इतकी वर्षं तात्पुरतीच आहे. एप्रिलात समिती बसणार. कायम, नाहीतर नारळ. पदव्या लिहायला पाकीट पुरत नाही आणि बसायची खुर्ची उसनी. देवा, या पोरीच्या कष्टाचं चीज कर.

९ जानेवारी

सकाळी जप संपवून उठले आणि डोळ्यांपुढे काळं आलं. पडले असं म्हणता येणार नाही. जमीन जरा जवळ आली. कोपर आपटलं. फरशीवरच बसून राहिले. तेवढ्यात सूनबाईने दिलेला यंत्राचा छोटा फोन गुणगुणला. वर अक्षरं, "तुम्ही पडलात का?" खाली दोन बटणं. तांबडं म्हणजे हो, हिरवं म्हणजे नाही. तांबडं दाबलं, किंवा काहीच दाबलं नाही, तर सूनबाईला थेट निरोप जातो.

मी हिरवं दाबलं.

पेपरावर तांबडी रेघ म्हणजे नापास, एवढं मॅट्रिक झालेल्या बाईला कळतं. पोरीच्या परीक्षेचं वर्ष. आपल्या हातून तांबडं नको. या बटणांचं पुढे काय होतं ते तिला एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "ते सांगितलं तर तुम्ही मला बरं वाटेल असं वागाल. म्हणून सांगायचं नसतं." आता मी न सांगताच तिला बरं वाटेल असं वागते आहे, तर बिघडलं काय?

शिवाय दुसरंही आहे. माझी आई एकदा पायरीवर घसरली. मग 'तू बस, तू बस' करत सगळ्यांनी तिला खाटेवर बसवली, ती खाटेवरूनच गेली. हातपाय धड होते, पण कुणी तिला पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही.

यंत्राशी खोटं बोललं तर पाप लागतं का? देवाला विचारलं. तो काही बोलला नाही. म्हणजे फार लागत नसावं.

१७ जानेवारी

आठवड्यात आणखी दोनदा हिरवं दाबावं लागलं. सूनबाई संध्याकाळी आली ती वैतागूनच. पर्स एकीकडे, चपला एकीकडे. चहा निवून गेला तरी संगणकातून मान वर नाही.

"एवढं काय गं जुळत नाही?"

"यंत्र उगाच ओरडतंय आई. बाकीच्या घरांत शहाण्यासारखं वागतं. त्या तीन नंबरच्या घराने नुसते नाकी नऊ आणलेत. यंत्र म्हणतं माणूस पडलं, माणूस म्हणतं नाही पडलं. पुन्हा पुन्हा. असलं यंत्र कोण घेईल आणि मला कोण ठेवेल?"

"कुणाचं घर ते?"

"सांगायचं नसतं. नियम आहे."

"बटणं कळत नसतील त्यांना. असतात एकेक माणसं. तू समोर बसून नीट समजावून सांग."

माझ्याकडे बघून म्हणाली, "समजावलं तरी पंचाईत."

मला राग आला त्या घराचा. दुसऱ्याच्या पोरीचा जन्म पणाला लागलाय आणि यांना धड दोन बटणं सांभाळता येत नाहीत. दिवा लावताना म्हटलं, देवा, तीन नंबरच्या घराला बुद्धी दे.

२५ जानेवारी

जमीन पुन्हा दोनदा जवळ आली. एकदा ओट्याशी, एकदा जिन्याच्या खालच्या पायरीवर. दोन्ही वेळा हिरवं. सूनबाईच्या खात्यात माझ्याकडून नुसती जमाच जमा.

३ फेब्रुवारी

तिचे विभागप्रमुख घर बघायला आले. सूनबाई त्यांना घरात 'टॉवर' म्हणते. उंच आहेत, लांबून दिसतात आणि जवळ गेलं की रेंज मिळत नाही. दारातून वाकून आत आले. डब्या बघितल्या, जिना चढून आले.

"आजी, त्रास नाही ना डब्यांचा?"

"डब्यांचा नाही," मी म्हटलं. सूनबाईला ठसका लागला.

मी चहा ठेवायला आत गेले. भिंत पातळ, ऐकू येतंच.

"तीन नंबर काढून टाका," टॉवरसाहेब म्हणत होते. "बाकीची घरं चांगली आहेत. शोधनिबंध आज पाठवता येईल. एप्रिल लांब नाही."

"नकोसं घर काढलं, तर उरतो तो निकाल नाही सर, आपली आवड उरते."

"तत्त्वांवर कुणी कायम होत नाही."

"माहीत आहे सर. पाच वर्षं तेच बघतेय."

मला वाटलं बाहेर जाऊन तिला एक चिमटा काढावा. वरिष्ठांशी असं बोलतात का? हट्टी आहे. चिरंजीवांशी लग्नही हट्टानेच केलं, त्या वेळी मी किती समजावलं होतं. माझ्याच मुलाबद्दल.

साहेब गेल्यावर चिरंजीव उठले आणि जांभई देत म्हणाले, "कंपनीत जा ना. दुप्पट पगार देतील."

"आणि काय करू? फ्रिजला दूध संपल्याचं सांगायला शिकवू?"

"निदान फ्रिज ऐकेल तरी."

ती ताडकन उठून खोलीत गेली. चिरंजिवांना विनोदाची वेळ कधी कळली नाही. वडिलांवर गेलाय.

११ फेब्रुवारी

निबंध परत आला. परीक्षकांनी लिहिलंय की हे यंत्र ऊठसूट खोटी आवई उठवतं, तीन नंबरच्या घराचं काय ते आधी बघा. पोरगी जेवली नाही. मी नुसता भात-डाळ पुढे ठेवला तर म्हणाली, "आई, तुम्ही कामं करताना मधूनमधून खाली बसता का हो? एकदम?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. वाटलं, हिला कळलं.

"बसते की. आमची सवयच खाली बसायची. उभ्याउभ्या कामं करायची फॅशन तुमची."

"एकदम बसता? टेकता न टेकता?"

"आता गुडघे म्हातारे. शेवटच्या वितीला सुटतात हातातून."

तिने मान डोलावली आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. "तसंच असणार. प्रत्येक घराची बसण्याउठण्याची रीत वेगळी. यंत्राला ती शिकवायला हवी. मी मूर्ख, यंत्राला सगळीकडे एकाच मापाने मोजायला लावत होते."

ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं तिने. माझ्या एका उत्तराने एवढं काम झालं. उत्तर तसं खोटंही नव्हतं. गुडघे म्हातारे आहेतच.

२ मार्च

यंत्राला शिकवून झालं. तीन नंबरच्या घराची सगळी 'नाही' त्याला घोकून घ्यायला लावली, आता ते सुतासारखं सरळ झालंय, असं सूनबाई सांगते. सगळ्या घरांत हेच शहाणं यंत्र बसवलं. निबंध पुन्हा पाठवला. टॉवरसाहेबांनी आपलं नाव सगळ्यांच्या वर घातलं. ती म्हणाली, घालू दे. मी म्हटलं, झाडाला पाणी तू घातलंस आणि सावलीत खुर्ची त्यांची. ती म्हणाली, "आई, हे समितीपुढे सांगायला तुम्हीच या."

१९ मार्च

आज कपडे वाळत घालताना चांगलीच आडवी झाले. कमरेला मार. वाट बघितली, छोटा फोन गुणगुणलाच नाही. बरं झालं. ऊठसूट खोटं बोलायचं जिवावर येतच होतं. देवाने त्यातून सोडवलं.

१६ एप्रिल

आज समितीचा निकाल. निबंध स्वीकारला गेलाय, परीक्षकांनी वाखाणलाय. सूनबाई नवा कुर्ता इस्त्री करून घालून गेली. जाताना देवापुढे उभी राहिली. एरवी राहत नाही. म्हणाली, "तुमच्या देवाला सांगा, आज रेंजमध्ये राहा." चिरंजीव सकाळच्या पाळीला गेलेत. मी नामजप धरून बसते आहे. आंघोळ तेवढी उरकून घेते.

२४ एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय. उजवं मनगट मोडलंय, प्लास्टरमध्ये आहे.

त्या दिवशी न्हाणीघरात पडले. फरशी ओली, डोळ्यांपुढे काळं, आणि मग काही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा नळ चालू होता. पाणी वाया जातंय एवढंच पहिलं मनात आलं. उठता येईना. वर दारावर पांढरी डबी होती. तिचा बारीक हिरवा दिवा शांत लुकलुकत होता. सगळं ठीक आहे, असं सगळ्या जगाला सांगत होता. मी त्या डबीला हाका मारल्या. तिला कान नाहीत हे ठाऊक असून मारल्या.

सूनबाई पत्र घेऊन आली, कायम झाल्याचं. खालूनच ओरडत आली, "आई, झालं! आई!" आणि मग दारात थांबली.

२६ एप्रिल

डॉक्टरांनी शोधून काढलं. रक्तदाबाची जी गोळी मी इतकी वर्षं घेते, तिनेच उठताना दाब उतरतो. गोळी बदलली. नवी जुनीपेक्षा स्वस्त निघाली. आधीच दाखवलं असतं तर. पण ते असो.

असो कसं म्हणू? आज दुपारचं लिहिलंच पाहिजे.

चिरंजीव सूनबाईवर घसरले. "डोळ्यांत तेल घालून बघणारं यंत्र म्हणे! खरं एक पडणं आलं तेव्हा झोपलं. याच्यापायी तू घरात लक्ष दिलं नाहीस."

ती भांडली नाही. भांडणारी पोरगी न भांडता बसली की घर भयाण वाटतं. तो गेल्यावर माझ्या पायाशी येऊन बसली.

"मला कळत नाही आई. आधी हेच यंत्र नको तिथे ओरडायचं. तुम्ही नुसत्या बसलात तरी ओरडायचं. मग मी त्याला शिकवलं की ही तुमची बसण्याची रीत, हे पडणं नव्हे."

"माझी कुठली? ते तर तीन नंबरच्या घराचं ना?"

ती दमून हसली. "आई, तीन नंबरचं घर हेच आहे."

मी देवाकडे पाहिलं. महिनोन् महिने त्याच्याकडे या घरासाठी बुद्धी मागत होते. त्याने ऐकलं असेल तर म्हणालाच असेल, बाई, मागतेस कुणासाठी?

गप्प बसता आलं असतं. यंत्र चुकलं, पोरगी चुकली, म्हातारी बिचारी पडली. सगळ्यांनी मला उशा आणून दिल्या असत्या. पण ती तिथे खाली बसून स्वतःला दोष देत होती, आणि ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी वर पलंगावर.

"मी पडत होते," मी म्हटलं. "जानेवारीपासून. तू शिकवलंस ना बसणं म्हणून, ते पडणं होतं."

"कधी?"

"हिरवं बटण आलं असेल तेव्हा जवळजवळ दरवेळी."

ती उठली. मला वाटलं निघून जाईल. उलट फिरली आणि ओरडली. माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. "तुम्ही या खोलीत पडत होतात, आणि मी त्या खोलीत बसून यंत्राला शिकवत होते की आईंकडे लक्ष देऊ नकोस! एकदा तरी सांगायचं! का नाही सांगितलं?"

"तुझ्या पाटीवर तांबडी रेघ नको म्हणून."

"रेघ? आई, तुमचं प्रत्येक हिरवं म्हणजे माझ्या यंत्राची एक चूक धरली जात होती! यंत्र खरं बोलत होतं. तुम्ही त्याला खोटं पाडत होतात, आणि मी तुमचं ऐकलं."

करायला गेले एक. सगळी जमा मी खर्चाच्या बाजूला मांडत होते.

मी म्हटलं, "मग आता ती बटणं बदल. मी सांगते कुठलं खरं, कुठलं खोटं."

"आठवणीवरून उत्तरं बदलायची नसतात. ती सगळी रद्द. निबंधही." मग हळू आवाजात, "आणि तेच यंत्र बाकीच्या घरांतही बसवलंय मी."

५ मे

सूनबाईने सगळ्या घरांतलं यंत्र आपल्या हाताने बंद केलं. मग टॉवरसाहेबांना फोन. माझ्यासमोरच केला, मोठ्या आवाजावर ठेवून. बहुधा मला ऐकवायलाच.

"बाकी कुठल्या घरात कुणी पडलंय का?" साहेब.

"अजून नाही."

"मग झालं तर. झाकली मूठ राहू द्या."

"सर, 'अजून नाही' म्हणाले मी."

"पत्र हातात आहे तुमच्या. निबंध मागे घेतलात, तर पत्रही मागे जाईल. माझंही नाव आहे त्यावर."

"सगळ्यांच्या वर आहे सर. म्हणून तुम्हाला आधी कळवलं."

निबंध मागे घेतला, पत्र परत गेलं. ती आता एक वर्ष पुन्हा तात्पुरती. त्यानंतर शेवटचं, होय किंवा नाही. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला सोडायला गेले आणि येताना न्हाणीघराला लावायला आधाराची दांडी घेऊन आले. उलटी बसवली, मग सुलटी केली.

मी तिला म्हटलं, "तुझं वाटोळं मी केलं."

"अर्धं," ती म्हणाली. "अर्धं मी. बटणांचं काय होतं ते तुम्हाला सांगितलं नाही आणि बाकी काही विचारलंही नाही. मला तुमचं बटण हवं होतं. तुमचं कोपर कधी बघितलंच नाही."

कोपराचा काळा डाग दिसेल म्हणून उन्हातसुद्धा लांब बाह्या घालत होते. तेही आज सांगून टाकलं. आता सांगायला सुरुवात केलीच आहे तर.

८ जून

प्लास्टर निघालं. डब्या पुन्हा लागल्या, यंत्र पुन्हा कोरं, पाटी पुसलेली. या वेळी बटणांचं सगळं समजावून दिलं तिने; आता हिरवंही तिला लगेच कळतं. तीन नंबरचं घर तीन नंबरच राहिलं.

गोळी बदलल्यापासून जमीन आपल्या जागी आहे. पण सकाळी देवाला म्हटलं, आज दोन्ही हात मोकळे आहेत, तर नीट नमस्कार करू दे. गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ फरशीला लावलं. बराच वेळ तशीच राहिले. मागण्यासारखं बरंच होतं.

छोटा फोन गुणगुणला. "तुम्ही पडलात का?"

मी हिरवं दाबलं. लगेच सूनबाईचा फोन.

"आई, हिरवं?"

"हिरवं."

"खरं?"

"देवाशपथ. देवासमोरच आहे."

ती म्हणाली, "बरं," आणि ठेवला. मी देवाची भांडी घासायला घेतली. ती संपायच्या आत दारात धापा टाकत सूनबाई हजर. बैठक अर्ध्यावर सोडून, टॅक्सी करून. माझी दोन्ही कोपरं उलटसुलट करून पाहिली. गुडघे पाहिले. मला उठवलं, बसवलं, पुन्हा उठवलं.

"काय करत होतात?"

"नमस्कार."

"करून दाखवा."

करून दाखवला. फोन पुन्हा गुणगुणला. पुन्हा "तुम्ही पडलात का?" ती तिथेच माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि हसत सुटली, डोळे पुसत.

"आई, ही यंत्राची चूक. पहिली खरीखुरी चूक."

"चूक झाली म्हणून हसतेस?"

"ही खरी आहे ना. हिच्यावरून त्याला शिकवता येईल."

हिरवं बटण या वेळी तिने माझं बोट धरून दाबलं. मग आलेल्याच टॅक्सीने परत गेली, टॅक्सीवाला बिचारा खाली थांबूनच होता.

जाण्यायेण्याचं भाडं वहीच्या पुढच्या बाजूला खर्चात लिहिलं. एवढा खर्च एका नमस्काराला कधी आला नव्हता. 'कशासाठी' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, 'पडले नाही, म्हणून.'